कार्डावर वरचं नाव कोणाचं

आमच्याकडे नुसतं 'कार्ड' म्हटलं की राशनचं कार्ड. बाकीच्या कार्डांना पुढे काहीतरी जोडावं लागतं. आधारचं कार्ड, एसटीचं कार्ड, दवाखान्याचं कार्ड. पण "कार्ड आण रे" असा आवाज दिला की घरातलं कोणीही खुंटीवरची पिशवी काढतं आणि राशनचंच कार्ड आणून देतं. त्या शब्दाचा तेवढा मान आहे.

हा मान पूर्वी माझ्याकडे होता. कार्डावर सगळ्यात वर माझं नाव, कुटुंबप्रमुख म्हणून. त्याच्या खाली बायकोचं, मग पोरांची. दुकानदार माझ्या नावानं आवाज द्यायचा आणि मी चार माणसांतून वाट काढत पुढे व्हायचो. मग सरकारनं कायदा बदलला. घरातली सगळ्यात मोठी बाई ती कुटुंबप्रमुख, असं ठरलं. नवीन कार्ड वाटलं त्या दिवशी दुकानदारानं विचारलं, "प्रमुख कोण हाये?" मी सवयीनं पुढे झालो. त्यानं कार्डाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमी नाई आबाजी. आजीले येऊ द्या समोर."

बायको दुकानात हसली नाही. तेवढी मर्यादा तिनं पाळली. रस्त्याला लागल्यावर तोंडाला पदर लावून जी हसत सुटली, ती घर येईपर्यंत.

"आता मले इचारल्याबिगर पोळी खायची नाई बरं," ती म्हणाली.

गॅस तिच्या नावावर. घरकुल मंजूर झालं तेही तिच्या नावावर. वावर दोन्ही पोरांना वाटून दिलं, सातबाऱ्यावर आता त्यांची नावं. विजेचं मीटर अजून माझ्या वडिलांच्या नावावर आहे. वडील जाऊन जमाना झाला, पण बिल दर महिन्याला त्यांच्याच नावानं येतं. म्हणजे माझा मेलेला बाप या घरात ग्राहक आहे, आणि मी जिताजागता माणूस कोणीच नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. जे आहे ते सांगतो. पण माणसाला कुठंतरी, कोणत्या तरी कागदावर, वरच्या ओळीत आपलं नाव पाहावंसं वाटतं. मला वाटत होतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

आमचं गाव मेहकर तालुक्यातलं. जानेफळचा बाजार आम्हाला जवळ पडतो. गावात ग्रामपंचायतीला लागून एक वाचनालय आहे. एक खोली, चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, आणि बाहेर ओट्यावर एक बाक. पेपर वाचायला कार्ड लागत नाही, पैसा लागत नाही. म्हणून मी रोज सकाळी जातो. माझा एक सोबती आहे, शाळेपासूनचा, तोही येतो. तो पेपरातले फोटो पाहतो आणि मजकूर माझ्याकडून ऐकतो. ऐकतो आणि वरून नावं ठेवतो.

मी ओठ हलवून वाचतो. चौथीपर्यंत शिकलो. चौथी पुरी झाली नाही, पण तो वेगळा विषय. अक्षर डोळ्यानं उचलायचं आणि तोंडानं सोडायचं, तेव्हा कुठं ते डोक्यात बसतं. माझी तीच पद्धत आहे आणि मला त्यात काही कमी दिसत नाही.

"पेपर वाचून राह्यला का जप करून राह्यला बे?" सोबती विचारतो.

"तू फोटो पाय. फोटोले ओठ हलवा लागत नाई."

वाचनालय एक बाई सांभाळते. गावातलीच सून. बी. ए. झालेली, बोलायला मऊ, पण नियमाला कडक. मला मामाजी म्हणते. तिचा सासरा माझ्या नात्यात लागत नाही, पण गावातल्या सुनेला सगळे म्हातारे मामाजीच, आणि त्यांच्या बायका आत्याबाई. एक दिवस मी पेपर घडी करून ठेवत होतो, तेव्हा ती म्हणाली, "मामाजी, रोज येता तर कार्ड काढून घ्या ना."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेलो आणि तिच्या टेबलावर राशनचं कार्ड ठेवलं. त्याच्यासोबत आधारची झेरॉक्स पण ठेवली. कोणत्याही कामाला ती लागतेच.

तिनं ते कार्ड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "हे कायले आणलं मामाजी?"

"तूच म्हटलं ना, कार्ड काढा. काढलं पिशवीतून."

बाहेर बाकावर माझ्या सोबत्याला ठसका लागला. त्या बाईनं मात्र हसू आवरून मला नीट समजावून सांगितलं. वाचनालयाचं कार्ड वेगळं असतं. ते नवीन काढायचं. त्याच्यावर पुस्तक घरी नेता येतं.

कार्डाचा विषय निघाला की माणसानं नीट चौकशी करावी. मी केली. "या कार्डावर पुस्तक किती भेटते?"

"एका वेळी एक."

"माणशी एक, का कार्डामागं एक?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नसावा. "कार्डामागं एक."

"आन् प्रमुख कोण राह्यते?"

"प्रमुख असं नसते मामाजी. ज्याचं कार्ड, त्याचं नाव."

"म्हंजे माह्यं काढलं तं वर माह्यं नाव?"

"वर काय, खाली काय, तुमचंच."

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते स्पष्ट सांगतो. मला वाटलं, आता आपल्याला जागा सापडली. या कार्डावर वर मी, आणि खाली बायको. राशनच्या कार्डावर ती प्रमुख, मी सदस्य. इथं मी प्रमुख, ती सदस्य. बरोबरीचा मामला. मी त्या बाईला म्हटलं, "मंग माह्यं वर लिही आन् तुह्या आत्याबाईचं खाली लिही."

"आत्याबाई वाचतात?"

"नाई वाचत."

"मग त्यांचं नाव कशाला?"

"राशनच्या कार्डावर माह्यं नाव हाये, मी का सैपाक करतो?"

ती हसली. पण नियम होता. एका कार्डावर एकच नाव. मी म्हटलं, मग राहू दे तुझं कार्ड. आणि राशनचं कार्ड पिशवीत घालून घरी आलो.

आता माझी एक चूक झाली होती. सकाळी निघताना मी घरी सांगून गेलो होतो की कार्ड काढायला चाललो. रिकाम्या हातानं आलो तेव्हा बायको तूर निवडत बसली होती. तिला सगळं सांगावं लागलं. ऐकता ऐकता तिच्या सुपातली तूर हलायची थांबली.

"माह्यं नाव? पुस्तकाच्या कार्डावर? आन् तेबी तुमच्या खाली?"

"नियमात बसत नाई म्हंते ते सून."

"बरं झालं. गहू दळला तं पोळी होते. पुस्तक दळून काय होते?"

मी ठरवलं, कार्ड काढीन तर दोघांच्या नावाचं, नाहीतर नाही. सोयाबीन फुलावर होतं तेव्हापासून ते सोंगणीपर्यंत मी त्या शब्दावर कायम राहिलो. रोज वाचनालयात जायचो, पेपर वाचायचो आणि कपाटांकडे पाठ करून बसायचो. ती सून मधून मधून विचारायची, "मामाजी, काय ठरलं मग?" मी म्हणायचो, "तुमचं काय ठरलं?" सोबत्यानं माझं नाव 'प्रमुख' पाडलं. बाकावर जागा द्यायची तर म्हणायचा, "सरका बे, प्रमुख आले." गावात असं नाव चिकटलं की निघत नाही. चहाच्या टपरीवरचा माणूसही मला तेच म्हणू लागला आणि त्याला ते का, हेसुद्धा माहीत नव्हतं.

ही कोंडी शेवटी बायकोनंच फोडली. सोंगणी संपली होती, दुपार रिकामी होती, मी खाटेवर पडलो होतो. ती म्हणाली, "आना ते एकट्याच्या नावाचं कार्ड. दुपारभर घोरता त्याच्यापेक्षा काही वाचून तं दाखवा. माह्यं काम तरी होईन कंटाळा न येता."

मी लगेच उठलो नाही. चहा घेतला, मग उठलो. तिच्या आग्रहाखातर गेलो, ही गोष्ट मी त्या सुनेलाही सांगितली.

कार्डासाठी फोटो लागत होता. जानेफळला जाऊन काढला, टोपी घालून. फोटोवाला म्हणाला, आबाजी थोडं हसा. मी म्हटलं, हा कामाचा फोटो आहे. कार्ड हातात आलं तेव्हा मी ते उन्हाकडे धरून पाहिलं. नाव, गाव, सभासद क्रमांक, आणि माझा न हसलेला फोटो. वरही मी आणि खालीही मीच. एका कार्डावर एकटा माणूस जरा ओकाबोका दिसतो, पण कार्ड होतं.

आता पुस्तक निवडायचं. ती सून म्हणाली, "तुमच्या आवडीचं घ्या मामाजी." मी कपाटासमोर उभा राहिलो आणि विचार केला. एका वेळी एकच पुस्तक भेटते. मग सगळ्यात जाड घेण्यात शहाणपण आहे. मापात फसायचं कशाला? खालच्या फळीवर एक विटेएवढं पुस्तक होतं, पक्क्या बांधणीचं. दोन्ही हातांनी उचललं. त्या सुनेनं नाव पाहून विचारलं, "हेच का?" मी म्हटलं, "हेच."

ते पुस्तक मोठ्या शहरांत सांडपाण्याची गटारं कशी बांधावीत याच्याबद्दल होतं. कोण्या इंजिनिअरच्या घरून दान आलेलं असावं. पहिल्या दुपारी मी ओसरीत बसून वाचायला लागलो, बायको शेंगा फोडत होती. नळाचा उतार किती ठेवावा, वळणावर काय करावं, वास कोठून बाहेर सोडावा. मला पहिल्याच पानावर कळलं की आपण फसलो. पण मी स्वतः निवडून, दोन्ही हातांनी उचलून आणलेलं पुस्तक. ते असं एका दिवसात परत नेलं असतं तर त्या बाकावर काय झालं असतं, याचा विचार करा. मी वाचत राहिलो. रोज दुपारी वाचत राहिलो. बायको शेंगा फोडत राहिली. फक्त एक दिवस शेंगांची टोपली बाजूला ठेवून तिनं अगदी शांतपणे विचारलं, "या गटारातून आपन बाहीर कधी निंघून राह्यलो?"

मी म्हटलं, अजून पुष्कळ बाकी आहे.

"राशनच्या दुकानात किडका गहू देला तं मी तोंडावर वापस करतो. तुमचं कसं कार्ड हाये, जे देलं ते खायचं?"

दुसऱ्या दिवशी पुस्तक परत केलं. ती सून म्हणाली, "झालं वाचून, मामाजी?" मी म्हटलं, "कामापुरतं झालं."

त्यानंतर पुस्तक निवडण्याची रीत बदलली. कपाटातून मी तीन-चार पुस्तकं काढायचो, त्या सुनेकडून प्रत्येकात काय आहे ते ऐकून घ्यायचो, आणि घरी येऊन बायकोला सांगायचो. ती ठरवायची. मग मी परत जाऊन ते आणायचो. सोबती विचारायचा, "प्रमुख, एका पुस्तकाले दोन चकरा काऊन?" मी म्हणायचो, डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे.

वाचताना तिचं लक्ष फार. माझ्या तोंडात न बसणारा एखादा लांबलचक शब्द आला, जोडाक्षरांवर जोडाक्षरं चढवलेला, तर मी त्याच्यावरून हळूच उडी मारायचो. अर्थ काही बिघडत नाही त्यानं. पण ती लगेच हात वर करायची.

"थांबा. तठी काहीतरी सोडलं तुमी."

"काही नाई सोडलं."

"दगड लागला वाटते दाताखाली."

मग मला मागे जाऊन तो शब्द तोडून तोडून म्हणावा लागायचा. तिला त्याचा अर्थ कळायचा नाही, मलाही नाही. पण तो म्हणून झाल्यावरच ती पुढे जाऊ द्यायची. माल पूर्ण मोजून घेतल्याशिवाय दुकान सोडायचं नाही, ही तिची जुनी सवय.

मग एक पुस्तक असं आलं की तिनं हातातलं कामच ठेवून दिलं. घाटातल्या रस्त्यावर खानावळ चालवणाऱ्या एका विधवा बाईची गोष्ट होती. नवऱ्याच्या मागे तिनं ती खानावळ वाढवली, आणि आता दिराचा डोळा त्या जागेवर. बायको त्या दिराला रोज शिव्या द्यायची. मी जेवत असलो की मध्येच म्हणायची, "तिनं पोरीले मामाकडे धाडाले नोको होतं." मला कळायचं नाही कोणत्या पोरीबद्दल बोलते. मग ध्यानात यायचं, पुस्तकातली. आमच्या घरात त्या खानावळीचा तवा रोज तापायचा.

ते पुस्तक अर्ध्यावर होतं आणि बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मोतीबिंदू. लेक मलकापूरला असते, तिनं तिकडेच सगळं ठरवलं होतं. पुस्तकाची मुदत संपत होती. ती सून नियमाला कडक, हे मी सांगितलंच. पुस्तक परत केलं, आणि आम्ही एसटीनं मलकापूरला गेलो.

ऑपरेशन चांगलं झालं. पण पुढचे दिवस कठीण गेले. डोळ्यावर काळा चष्मा, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, वजन उचलायचं नाही. आयुष्यात एका जागी न बसलेली बाई, तिला लेकीनं गादीवर बसवून ठेवलं. समोरच्या रस्त्यानं ट्रक जायचे आणि ती आवाजावरून भरलेले किती, रिकामे किती ते ओळखायची. मग त्याचाही कंटाळा आला. आणि एक दिवस सकाळी म्हणाली, "त्या खानावळवालीचं काय झालं असन हो?"

मी म्हटलं, त्याला काय, आणतो. कार्ड माझ्या खिशातच होतं. मी ते नेहमी खिशात ठेवतो.

मलकापूरचं वाचनालय मोठं. खाली टेबलामागे एक चष्मेवाला माणूस बसला होता, स्वभावानं भला. मी कार्ड पुढे केलं आणि पुस्तकाचं नाव सांगितलं. त्यानं कार्ड उलटंपालटं केलं. "बाबा, हे तर तुमच्या गावच्या वाचनालयाचं आहे."

"हाव."

"ते इथं चालत नाही."

"काऊन चालत नाई? राशनचं कार्ड चालते. मेहकर तालुक्यातला माणूस मलकापुरात अंगठा लावते, त्याले गहू भेटते. नागपुरात लावला तरी भेटते, मुंबईत लावला तरी भेटते. आन् पुस्तक का गव्हापेक्षा महाग झालं?"

त्यानं कार्ड मला परत दिलं. म्हणाला, "बाबा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ते वर कोणाला सुचलेलं नाही अजून."

"मंग तुमी सुचवा ना वर."

पुस्तक घरी नेता येणार नाही, पण इथं बसून खुशाल वाचा, असं तो म्हणाला. त्यानं स्वतः उठून ते पुस्तक काढून दिलं. मी लांब टेबलाशी बसलो. आजूबाजूला परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं होती, सगळी गप्प. मी वाचायला लागलो तसे माझे ओठ हलायला लागले, आणि ओठांमागून थोडा आवाजही यायला लागला. एक-दोघांनी मान वर केली. मी आवाज आत ओढला, ओठ चालू ठेवले.

रोज जाऊन बसायचो. जेवढं वाचलं तेवढं डोक्यात भरायचं आणि घरी येऊन बायकोला सांगायचं. पाणी ओंजळीतून नेण्यासारखं काम. वाटेत सांडू नये म्हणून मी कोणाशी बोलायचो नाही. भाजी आणायला सांगितलेली विसरायचो, पण खानावळ विसरायचो नाही.

शेवटचं प्रकरण मला पटलं नाही. ती बाई भांडत नाही. जागा दिराच्या तोंडावर टाकते, पोरीला घेते आणि घाट उतरून निघून जाते. इतकी वर्षं तवा तापवला तो याच्यासाठी का? चालत येता येता मी त्यात थोडी दुरुस्ती केली. घरी येऊन सांगितलं की तिनं दिराला उलथन्यानं बदडलं, गावासमोर माफी मागायला लावली, आणि खानावळ तिच्याच नावावर राहिली.

बायकोनं पूर्ण ऐकून घेतलं. काळ्या चष्म्यामुळे तिचे डोळे दिसत नव्हते. मग म्हणाली, "हे तुमचं झालं. आता पुस्तकातलं सांगा."

"पुस्तकातलंच हाये."

"ते बाई तशी नाई. ते मारत नाई कोनाले. ते निंघून गेली असन."

मी म्हटलं, हो, गेली. तिनं चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाली, "बरं केलं तिनं," आणि लेकीला चहा टाकायला सांगितला.

पुस्तक संपल्यावर शेवटचा नमस्कार करायला मी त्या चष्मेवाल्याकडे गेलो. तिथं एक बाप-लेक उभे होते. बापानं एक कार्ड दिलं, पुस्तक मात्र लेकीनं घेतलं. मी विचारलं, हे कसं? चष्मेवाला म्हणाला, "हे घरचं कार्ड आहे बाबा. आमच्याकडे एका कार्डावर घरातल्यांची नावं लिहितात."

मी त्याला ते दोनदा म्हणायला लावलं.

गावी आल्यावर मी घरी न जाता सरळ वाचनालयात गेलो असतो, पण बायको सोबत होती. दुसऱ्या सकाळी गेलो. त्या सुनेला सांगितलं, मलकापूरला घरचं कार्ड असतं, माझ्या डोळ्यांनी पाहून आलो. ती म्हणाली, अध्यक्षांना विचारावं लागेल. आमचे अध्यक्ष म्हणजे एक रिटायर गुरुजी. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण ते मला 'तुम्ही' म्हणतात आणि मी त्यांना. मी त्यांच्या घरी गेलो. ते नव्हते. पुन्हा गेलो. ते जेवत होते. मी ओट्यावर बसून राहिलो. हात धुऊन बाहेर आले तेव्हा म्हणाले, "तुमची मागणी माझ्यापर्यंत आली आहे. पण एका घरात दोघांपैकी एकच जण वाचणारा असेल, तर दुसऱ्याच्या नावाचा उपयोग काय?"

"गुरुजी, तुमच्या घरच्या राशन कार्डावर वर कोणाचं नाव हाये?"

गुरुजी घराच्या आत बघून हळू आवाजात म्हणाले, "हिचं."

मग फार बोलावं लागलं नाही. पुढच्या बैठकीत ठराव झाला. घरचं कार्ड चालू. एका कार्डावर घरातली सगळी नावं, पुस्तक मात्र एकच. मी त्या दिवशी बाकावर बसलो तर सोबतीच उठून उभा राहिला. "जितला बे प्रमुख," म्हणाला. त्यात टोमणा होता, पण थोडा मानही होता. मी दोन्ही ठेवून घेतले.

सही-अंगठ्यासाठी दोघांनी यायचं होतं. बायकोला मी सांगितलं, चांगलं लुगडं नेस. ती म्हणाली, लग्न आहे का? तरी नेसली. नवीन डोळ्यानं ती गावातली एकेक गोष्ट पाहत चालली होती. ग्रामपंचायतीचा रंग उडाला आहे, माझ्या टोपीला डाग आहे, असं सगळं तिला आता दिसत होतं. वाचनालयात ती पहिल्यांदाच आली. कपाटांसमोर उभी राहिली, काचेला बोट लावून पाहिलं.

त्या सुनेनं नवीन कार्ड काढलं. "वर कोणाचं नाव लिहू?"

"हे काय इचारनं झालं?" मी म्हटलं.

तिनं माझं नाव लिहिलं. वरच्या ओळीत, काळ्या शाईनं, सुबक. पुढे लिहिलं, कुटुंबप्रमुख. मी ते उलट्या बाजूनं, टेबलाच्या पलीकडून वाचलं. ओठ हलले असतील.

"आता खाली आत्याबाईंचं."

"थांब वं माय," बायको म्हणाली. "या घरच्या कार्डावर पुस्तकं किती भेटतात?"

"एकच, आत्याबाई."

"आन् मी माह्यं येगळं काढलं तं?"

"त्याच्यावर वेगळं एक."

"मंग मले येगळं दे."

मी म्हटलं, "अवं, ठराव झाला ना. एवढं सारं केलं ते का फुकट?"

"फुकट कायचं? तुमचं नाव वर आलं ना? राहू द्या. पन एका घरात एकच पुस्तक काऊन घ्यायचं, दोन भेटत असतीन तं? तुमच्यावर तुमी गटाराचं आना. माह्यावर मी माह्यं आनीन."

ती सून माझ्याकडे पाहत होती, की आता मी काय म्हणतो. पण विचारलं तिनं बायकोलाच. "आत्याबाई, पण वाचणार कोण?"

"हेच वाचतीन," बायको माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली. "वाचाले काई कार्ड लागत नाई."

बाहेर बाकावर जे हसू फुटलं ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. बायकोनं घरच्या कार्डासाठी आणलेला फोटो दिला, अंगठा दिला. कार्ड घेतलं. मग त्या सुनेला घेऊन कपाटापाशी गेली आणि एकेक पुस्तक काढून तिच्याकडून पहिल्या चार ओळी वाचून घ्यायला लागली. दोन ओळी ऐकायची आणि म्हणायची, ठेव. दुसरं काढ. ठेव. मी खुर्चीवर बसून होतो. पोरगी पाहायला गेलेल्या घरात मुलाच्या बापाला बसवतात तसा. शेवटी एक पुस्तक तिच्या कानाला पटलं. ते तिनं पदराखाली घेतलं आणि आम्ही निघालो.

तेव्हापासून आमच्या घरात दोन पुस्तकं येतात. आधी तिचं वाचायचं, असा नियम झाला आहे. तो कोणी केला, ठराव कधी झाला, मला माहीत नाही. तिचं संपेपर्यंत माझी मुदत संपते आणि माझं मी न उघडताच परत नेतो. ती सून माझ्या पुस्तकावर शिक्का मारताना हल्ली काही विचारत नाही.

माझं घरचं कार्ड मात्र चालू आहे. वर माझं नाव आहे, पुढे कुटुंबप्रमुख आहे. खालची ओळ कोरी. मागच्या आठवड्यात त्या सुनेनं विचारलं, "मामाजी, ही खालची ओळ खोडून टाकू का? तपासणीला कोणी आलं तर विचारतील."

मी म्हटलं, राहू दे. तिचं मन बदललं तर जागा पाहिजे.

हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती ओसरीत बसून माझी वाट पाहत होती, पुस्तक मांडीवर उघडून, आणि ते उलटं धरलं होतं.

"मन मंग बदलीन," ती म्हणाली, "आधी बसा. काल तुमी मधातलं एक पान खाल्लं. तठून चालू करा."